शिकले, नोकरी करते, पण मला घर सांभाळायचंय: एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४. वाणिज्य शाखेची पदवी, दोन वर्षांपासून एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी. घरचं वातावरण देवाधर्माचं, आणि ते तिला मनापासून आवडतं. पंचविशीत लग्न, तिशीच्या आत दोन मुलं आणि धाकटं शाळेत जाईपर्यंत नोकरी नाही, हे तिच्या मनात पक्कं आहे. मैत्रिणी म्हणतात, शिक्षण वाया घालवतेयस. तीस वर्षं नोकरी केलेली आई हा विषय निघाला की उठून जाते. आणि ज्यांना हे आवडेल असं तिला वाटलं होतं, त्या स्थळांपैकी दोघांनी ‘आम्हाला नोकरी करणारीच मुलगी हवी’ म्हणून नकार कळवला. ती विचारते: मी मागासलेली आहे का? आणि हे मुलाला सांगायचं कसं?

अगं, वयाने तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

मी बावीस वर्षं विवाहपूर्व समुपदेशन करते आहे. त्याआधी काही वर्षं मोडायला आलेल्या संसारांमधल्या जोडप्यांशी बोलण्याचं काम केलं. त्यामुळे लग्नाआधी काय बोललं जातं आणि दहा वर्षांनी त्यातलं कुणाला काय आठवतं, ही दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. मी स्वतः दोन्ही मुलांच्या वेळी काम चालू ठेवलं होतं. माझा कल त्या बाजूला असणार, हे धरून पुढचं वाच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, तू मागासलेली नाहीस. ‘चूल आणि मूल’ हे शब्द आपण शिवीसारखे वापरू लागलो, कारण कित्येक पिढ्या ते बायकांवर लादले गेले. लादणं वाईट होतं. मूल वाढवणं, म्हाताऱ्या माणसांचं करणं, घराला घरपण आणणं, यात कमीपणाचं काही कधीच नव्हतं. ज्या मैत्रिणी तुला नावं ठेवतात त्या वाईट नाहीत. त्यांच्या आज्यांना जे नाकारलं गेलं ते तू आपणहून सोडतेयस असं त्यांना दिसतं, आणि त्याची त्यांना भीती वाटते. ती भीती अगदीच निराधारही नाही, त्याकडे मी येतेच.

पण मला वाटतं तुझा खरा प्रश्न हा नव्हे. घरी राहायचं हे तू ठरवलंयस. कुणाच्या मिळकतीवर, किती वर्षं आणि मध्येच काही बिघडलं तर काय, हे ठरवलेलं नाहीस. तुझ्या अख्ख्या प्रश्नात पैसा हा शब्द एकदाही आलेला नाही.

त्याआधी एक गोष्ट स्वतःशी तपासून घे, कारण इथे मी मुली चुकताना खूप पाहिल्या आहेत. ‘मला घर सांभाळायचंय’ म्हणणाऱ्या मुली माझ्याकडे दोन तऱ्हेच्या येतात. एकीला घराची खरोखर ओढ असते. दुसरीला नोकरीतून सुटका हवी असते. बोलताना दोघी अगदी सारख्या वाटतात. एक मुलगी आठवते. पहिल्या दोन भेटींत ती संस्कार, कुटुंब, मुलांना आई हवी, असं फार छान बोलली. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं की सकाळी ऑफिसच्या दारातून आत जाताना पोटात काय होतं. ती रडायलाच लागली. वरिष्ठ तिला सगळ्यांसमोर टाकून बोलत होता, दीड वर्ष. तिने नोकरी बदलली, आणि सहा महिन्यांत घरी बसण्याचा विषय आपोआप मागे पडला. लग्नही केलं, पण लग्नाला तिने पळवाट केलं नाही. उलट दुसरी एक, उत्तम पगार, उत्तम माणसं, तरी तिला घरच हवं होतं. तिला आज अकरा वर्षं झाली. परवा भेटली तेव्हा सांगत होती की तिला एका दिवसाचाही पश्चात्ताप नाही, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

तू कुठली, हे मला इथून कळणार नाही. तुला कळू शकेल. त्यासाठी मी मुलींना एक काम देते: डोळ्यांसमोर सणाचा दिवस आणू नकोस, बाळाचं बारसं आणू नकोस, एखादा साधा मंगळवार आण. मोठं मूल तीन वर्षांचं, धाकटं पाच महिन्यांचं. रात्री तीनदा उठून झालंय. नवरा साडेआठला बाहेर पडलाय, तो रात्री आठला येईल. सासूबाईंचा गुडघा दुखतोय. कामवाली आलेली नाही. दुपारी चार वाजेपर्यंत तू एकाही मोठ्या माणसाशी मनातलं काही बोललेली नाहीस. हा दिवस संपल्यावर पगार नाही, शाबासकी नाही, रविवारची सुटीही नाही. आता स्वतःला विचार, हा मंगळवार मला हवा आहे का? कष्टाचा आहे हे कळूनही आतून ‘हो’ आलं, तर तुझी ओढ खरी आहे. नुसतं ‘त्या ऑफिसपेक्षा बरं’ एवढंच आलं, तर आधी ऑफिस बदलून बघ.

त्या मंगळवारात काम किती असतं याचा अंदाज हवा असेल तर एक आकडा लक्षात ठेव. २०१९ च्या सरकारी ‘टाइम यूज’ सर्वेक्षणात भारतातल्या घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७, असं आढळलं. पाच तास आणि दीड तास. मुलाबाळांचं आणि आजारी माणसांचं करणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं. जानेवारी २०२१ मध्ये अपघातात गेलेल्या एका दांपत्याच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच आकड्यांचा आधार घेऊन सांगितलं की गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरलंच पाहिजे. तू उद्या ज्याला ‘काही करत नाही, घरीच असते’ म्हणशील, त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने काम म्हटलंय. हे वाक्य स्वतःबद्दल कधीही बोलू नकोस.

आता परंपरेबद्दल. तू लिहितेस की तुला ‘आपल्या परंपरेप्रमाणे’ जगायचं आहे. ही भावना मला समजते, आणि म्हणूनच परंपरा म्हणजे नेमकं काय ते नीट पाहावं असं वाटतं. एकाच्या पगारावर चालणारं घर आणि त्यात दिवसभर फक्त घरचं पाहणारी बाई, हे चित्र आपल्याकडेही फार जुनं नाही. ते शहरी, पगारदार, मध्यमवर्गीय घरांचं आहे. शेतकऱ्याच्या, विणकराच्या, कुंभाराच्या घरातली बाई कायम कमावतं कामच करत आली, फक्त तिच्या हातात रोकड आली नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून हेच दाखवलं: शेतीच्या काळात विवाहित बायका मोठ्या संख्येने काम करत होत्या, कारखाने आले आणि काम घरापासून लांब गेलं तसं ते प्रमाण घसरलं, आणि पुढे कचेऱ्या व सेवाक्षेत्र वाढल्यावर पुन्हा चढलं. आपल्याकडेही १५ वर्षांवरच्या बायकांमधलं काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेलं. त्यातली बरीच वाढ गावांमधली आणि स्वतःच्या किंवा घरच्या कामधंद्यातली आहे. म्हणजे परंपरा जपणाऱ्या घरांतल्याच या बायका आहेत.

आणि ज्या स्त्रियांकडे आपण परंपरेच्या बाजूने अभिमानाने पाहतो, त्यांची आयुष्यंही जरा आठव. रमाबाई रानडे सश्रद्ध होत्या, घरातल्या मोठ्या माणसांचा मान राखणाऱ्या होत्या. इंग्रजी शिकल्या म्हणून घरातल्याच बायकांचे टोमणे त्यांनी सोसले, आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही स्त्रियांच्या शिक्षणाची संस्था उभी केली. लक्ष्मीबाई केळकरांनी पती गेल्यावर मुलांचा संसार सांभाळत १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती ही स्त्रियांची संघटना स्थापन केली. समितीच्या विचारांशी कुणी सहमत असो वा नसो, धर्म, घर आणि राष्ट्र मानणाऱ्या एका बाईने घराबाहेर केवढं संघटन उभारलं हे नाकारता येत नाही. या दोघींनी घर टाकलं नाही आणि स्वतःला घरापुरतं ठेवलंही नाही. त्यामुळे परंपरा हवी म्हणजे कमाई सोडलीच पाहिजे, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते परंपरेतून आलेलं नाही. तुला सोडायची असेल तर सोड, पण तुझी इच्छा म्हणून सोड.

मोबाइलवर हल्ली पारंपरिक गृहिणीच्या आयुष्याचे सुंदर व्हिडिओ दिसतात, ते तूही पाहत असणार. एवढंच ध्यानात घे की ते बनवणारी बाई बऱ्याचदा त्यातून कमावत असते. तिचं घरी असणं हेच तिचं काम आहे. तुझं तसं नसेल.

यानंतरचं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मी त्याचं एक उत्तर देऊ शकत नाही. होणाऱ्या नवऱ्याची मिळकत स्थिर आहे की धंद्यातली, वर-खाली होणारी. घर स्वतःचं आहे की हप्त्यांवर. सासू-सासरे जवळ आहेत का, आणि ते मदत करणारे आहेत की त्यांचंच करावं लागणार आहे. तुझी तब्येत. आणि तुझं क्षेत्र. यात तू नशीबवान आहेस, कारण हिशेबाच्या कामात चार-पाच वर्षांनी परतता येतं. नियम बदलतात, सॉफ्टवेअर बदलतं, पण सहा महिने मन लावून शिकलं की पुन्हा जमतं. घरून दोन-चार छोट्या व्यावसायिकांची खाती लिहिणंही जमतं. सरकारी भरतीच्या मागे असणाऱ्या मुलीला मी वेगळं सांगितलं असतं, कारण तिथे वयाची अट असते आणि गेलेली वर्षं परत मिळत नाहीत. गोल्डिन यांच्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. जी कामं कुठल्याही वेळी, कितीही तास हजर राहणाऱ्यालाच जास्त पैसे देतात, तिथे मूल झालेली बाई सर्वांत मागे पडते. ज्या कामात एकाचं काम दुसरा सहज उचलू शकतो, तिथे ती कमी मागे पडते. आपलं काम यातलं कुठलं, हे ओळखूनच खंड घ्यावा.

वयाबद्दल फार लिहीत नाही. मूल होण्याची शक्यता तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर जास्त वेगाने कमी होते. म्हणून तिशीच्या आत मुलं हवीत असं तू म्हणतेस ते शरीराच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे, पण पंचविशी उलटली तर आभाळ कोसळणार नाही. तारखेच्या धाकाने पसंत नसलेल्या मुलाला होकार देऊ नकोस.

आता पैसा आणि कायदा. इथे जरा थांबून वाच.

आपल्याकडे बहुतेक मुली समजतात की लग्न झालं की नवऱ्याचं जे आहे त्यातलं अर्धं आपलं. तसं नाही. लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेवर दोघांची आपोआप समान मालकी, ही पद्धत भारतात शेजारच्या गोव्यासारख्या पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतच आहे, तीही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे. गोव्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात आलं की ज्याच्या नावावर घर, त्याचं घर. दहा वर्षं तू ते घर झाडलंस, सजवलंस, त्याच्या हप्त्यांसाठी स्वतःच्या हौशी मारल्यास, तरी कागदावर नाव नसेल तर मालकी नाही. पोटगीचा कायदा आहे, आणि तुझ्यासारखी बाई नोकरी सोडून घर सांभाळत होती हे न्यायालयं विचारातही घेतात. पण पोटगी ही भांडण झाल्यावरची, तारखा मोजून मिळवायची गोष्ट आहे. तिच्यावर संसाराचा पाया घालता येत नाही.

म्हणून घर घेताना दोघांची नावं. हे मागताना लाजू नकोस. तुझा पगार नसला तरी तुझी वर्षं त्यात जाणार आहेत.

स्त्रीधन तुझंच. माहेरून, सासरहून, नातेवाइकांकडून तुला मिळालेले दागिने आणि भेटी फक्त तुझ्या मालकीच्या, नवरा वा सासू ते सांभाळत असले तरी ते केवळ सांभाळणारे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलंय. यादी कर, फोटो काढून ठेव, लॉकर स्वतःच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर घे. यात अविश्वास कुठे आला? दुकानदार हिशेब लिहितो तो गिऱ्हाइकावर संशय आहे म्हणून थोडाच?

आणि माहेरचा हिस्सा. हे मी मुद्दाम लांबवून लिहिते, कारण घरी राहणाऱ्या मुलींचं सर्वांत मोठं नुकसान मी इथे पाहिलंय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संपूर्ण देशासाठी संसदेने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. लग्न झालं म्हणून तो जात नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ ला वडील हयात असलेच पाहिजेत, असंही नाही. इतकं सगळं असून होतं काय? वडील गेल्यानंतर सहा महिन्यांत भाऊ एक कागद घेऊन येतो. हक्कसोडपत्र. आई म्हणते, ‘सही कर गं, माहेर तुटायला नको.’ कमावणारी बहीण निदान दोन प्रश्न विचारते. न कमावणारी बहुतेक वेळा सही करते, कारण सणावारी जायला तेवढंच एक हक्काचं घर उरलेलं असतं. मग पाच वर्षांनी नवऱ्याचा धंदा बसतो, किंवा तो आजारी पडतो, आणि तिच्याकडे ना पगार, ना घरावर नाव, ना माहेरचा हिस्सा. अशा तीन बायका माझ्या समोर बसून गेल्या आहेत. तिघींचे नवरे चांगले होते. भाऊही दुष्ट नव्हते. भावावर प्रेम असेल तर हिस्सा घेऊन त्याला भेट दे, पण कागद वाचून, सल्ला घेऊन, स्वतःच्या मनाने. डोळे पुसता पुसता केलेली सही नको.

रोजच्या पैशांबद्दल माझा एक ठाम नियम आहे, आणि मी तो प्रत्येक जोडप्याला सांगते. घरी राहणाऱ्या बायकोच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम जमा झाली पाहिजे. घरखर्चाची वेगळी, तिची वेगळी. मागितल्यावर मिळणारा पैसा आणि न मागता येणारा पैसा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. एक द्विपदवीधर बाई मला सांगत होती की मोबाइलच्या रिचार्जसाठीसुद्धा ती नवऱ्याचा मूड पाहून बोलते. नवऱ्याला मी विचारलं तेव्हा त्याला धक्का बसला. ‘मी कधी नाही म्हटलंय का?’ म्हणाला. खरंच कधी नाही म्हटलं नव्हतं. पण विचारावं लागत होतं, रोज, नऊ वर्षं, आणि त्या विचारण्याने ती आतून लहान लहान होत गेली होती.

तिच्या रकमेतून तिचं पीपीएफ खातं चालावं. नवऱ्याच्या नावाने विमा घ्याल तेव्हा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्या. मग पॉलिसीची रक्कम बायको-मुलांचीच राहते, नवऱ्याच्या कर्जदारांना तिच्यावर हात टाकता येत नाही. विमा एजंटला हे सांगावं लागतं, तो आपणहून क्वचितच विचारतो. आणि नोकरी सोडताना पीएफ काढून लग्नात खर्चू नकोस. पीएफसोबत असलेल्या निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. तुझी ती भरलेली नसेल तर पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेता येतं, म्हणजे पुढे परत नोकरीला लागलीस तर आधीची वर्षं मोजली जातात. परत येण्याचं दार उघडं ठेवणारा हा साधा कागद आहे, आणि बहुतेक मुलींना तो माहीतच नसतो.

याच कारणासाठी, लग्न ठरलं म्हणून राजीनामा देऊ नकोस. पहिल्या बाळापर्यंत तरी नोकरी कर. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना ती लागू होते, आणि प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. तो तुझा हक्क आहे. त्या सहा महिन्यांत तुला तो मंगळवार प्रत्यक्ष जगायला मिळेल, आणि त्यानंतर तू जे ठरवशील ते कल्पनेवर ठरवलेलं नसेल. काही मुलींना वाटलं होतं परत जाऊ, त्यांचा पाय बाळावरून निघाला नाही. काहींना वाटलं होतं घरीच राहू, त्या पाचव्या महिन्यातच ऑफिसची वाट बघायला लागल्या. दोघींनाही आधी माहीत नव्हतं.

मग हे मुलाला कसं सांगायचं? मोठ्यांच्या बैठकीत नको. तिथे सगळे एकमेकांना बरं वाटेल असंच बोलतात. तुम्ही दोघं बोलायला बसाल त्या पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत, स्वतःच्या तोंडाने सांग. साधारण असं: ‘मी आत्ता नोकरी करते आणि पहिलं मूल होईपर्यंत करीन. त्यानंतर धाकटं शाळेत जाईपर्यंत मला घरी राहायची इच्छा आहे, म्हणजे पाच-सहा वर्षं. त्या काळात घर एका पगारावर चालेल का, माझ्या हातात काय असेल, आणि मी परत काम सुरू करेन तेव्हा मुलांचं कोण बघेल, हे मला आपण दोघांनी मिळून ठरवायला हवंय.’ एवढंच. यात क्षमा मागायचं काही नाही आणि भाषण द्यायचंही नाही.

मग तो काय म्हणतो ते नीट ऐक. ‘आमच्याकडे सुनेला कशाचीच कमी पडत नाही’ हे ऐकायला गोड असतं, पण तुझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही ते उत्तर नाही. ‘तुला हवं ते कर, माझं काही नाही’ हेही तसंच. पुढे अडचण आली की ‘तूच ठरवलं होतंस’ होतं. ‘चांगलंच आहे, बायकांनी घरीच असावं’ असं म्हणाला तर विचार, पाच-सहा वर्षांनी मला परत जायचं असेल तर? चेहरा पाहा. तुला आवडणारं बोलतोय म्हणून हा प्रश्न गाळू नकोस, कारण तू म्हणतेस ‘काही वर्षं’ आणि त्याच्या मनात कदाचित ‘कायम’ असेल. आणि एखादा मुलगा थोडा विचारात पडून म्हणाला, ‘मग घराचा हप्ता माझ्या एकट्याच्या पगारात कसा बसवायचा ते बघावं लागेल,’ तर त्याला नकार समजू नकोस. तुझं म्हणणं खरंखुरं ऐकलेला तो पहिला माणूस असू शकतो.

ज्या दोन स्थळांनी नाही म्हटलं त्यांच्यावर रागावू नकोस. हप्ते, शाळेची फी, आईवडिलांची औषधं, यांचं गणित अनेक घरांत एका पगारात खरंच बसत नाही. त्यांनी ते आधीच सांगितलं, हे तुझ्या भल्याचंच झालं. मुलीने नोकरी करणार म्हणून सांगितलं आणि लग्नानंतर वर्षात सोडली, किंवा सासरच्यांनी ‘तुला हवं तर घरी राहा’ म्हटलं आणि मग पगाराचा हिशेब मागायला लागले, अशी जोडपी माझ्याकडे येतात तेव्हा तो गुंता सोडवायला वर्षानुवर्षं लागतात. त्यामुळे स्थळ कमी होतील या भीतीने माहितीपत्रकात खरी इच्छा झाकून ‘नोकरी करणार’ असं लिहू नकोस. थोडी कमी स्थळं येतील. पण येतील ती तुझ्यासाठीची असतील.

ठरलं की ते कुठेतरी लिहून ठेवा. करारनामा वगैरे नको, दोघांच्या वहीत चार ओळी: किती वर्षं, खात्यात किती, घरावर नावं कुणाची, आणि धाकटं मूल तीन वर्षांचं झालं की पुन्हा बसून बोलायचं. ती शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. सोडतानाची तारीख सगळ्यांना आठवते, परत बोलण्याची तारीख कुणी ठरवतच नाही, आणि मग पाचाची पंधरा वर्षं होतात, त्यात कुणाचाच दोष नसतो.

राहता राहिली आई.

ती उठून जाते ते तुझ्या विचारांना विरोध म्हणून, असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं तिला वेगळंच काही लागत असावं. तू म्हणतेस, मुलांना आई घरी हवी. तीस वर्षं घड्याळ बघत डबे भरून धावलेल्या बाईला त्यात ऐकू येतं, की तू घरी नव्हतीस. तू तसं म्हणत नसशीलही. तिला तसंच ऐकू येत असेल. शिवाय तिला माहीत आहे की तिच्या पगाराने घरात काय काय निभावलं, आणि त्यातलं बरंच तुला तिने कधी सांगितलेलं नसणार. मागे एका मुलीला मी तिच्या आईशी बोलायला लावलं, तेव्हा तिला कळलं की ती सहावीत असताना वडिलांचं काम दोन वर्षं बंद होतं आणि ते पोरांना कळूच दिलं नव्हतं.

तेव्हा स्थळांचं जरा बाजूला ठेव आणि एखाद्या संध्याकाळी आईजवळ बस. तुझं मत पटवायला नको. तिला विचार, तुझा पहिला पगार कशात गेला होता? माझ्या वेळी रजा किती मिळाली होती? नोकरी सोडावीशी वाटली होती का, आणि मग का नाही सोडलीस? हवी असती तर मिळाली असती का तुला पाच वर्षं घरी? मध्ये बोलू नकोस, ती सांगेल तितका वेळ ऐक. त्यानंतर मुलाशी काय बोलायचं याचे माझ्यापेक्षा चांगले शब्द तीच तुला देईल. काय म्हणाली ते मला जरूर कळव.